हिरवा ठिपका आणि पौष पौर्णिमा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाणी-तपासणीच्या अहवालात सगळ्या ठिकाणांच्या सरासरीवरून जिल्ह्याच्या किनाऱ्याची प्रकृती 'समाधानकारक' ठरल्याची बातमी काल आपल्या पहिल्या पानावर वाचली. सोबत नकाशाही होता. त्यावर पास झालेल्या ठिकाणांचे हिरवे ठिपके पेरलेले आणि त्यातला एक बरोबर आमच्या खाडीच्या तोंडावर. ज्या खाडीतले पाणी अंगाला लागले तर घरी येऊन पुन्हा आंघोळ करावी लागते, ती खाडी आपल्या कृपेने हिरवी झाली. वार्ताहराचे अभिनंदन. अहवालाचे शेवटचे पान त्यांनी मन लावून वाचलेले दिसते.

हा हिरवा ठिपका कसा तयार होतो, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी पाण्याचे नमुने घ्यायला माझ्या चुलतभावाची होडी भाड्याने घेतली होती आणि त्याला कंबरदुखी असल्यामुळे सुकाणूवर मी होतो. दिवस पौष पौर्णिमेचा. तपासणीवाले दोन तरुण साडेदहाला आले. मुले नम्र होती, आमच्याकडे पोहे खाल्ले, ताटल्या स्वतः उचलून ठेवल्या. मी त्यांना म्हटले, "आज पौर्णिमा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आत्ता उधाणाची भरती भरत आली आहे, म्हणजे खाडीत आहे ते बाहेरच्या समुद्राचं पाणी. खाडीचं पाणी हवं असेल तर चारपर्यंत थांबा, ओहोटीला वरच्या कारखान्यांकडचं सगळं आपल्या पायाशी येतं." त्यातला एक हसून म्हणाला, "काका, चारला आम्हाला पुढचे तीन पॉइंट उरकून जिल्ह्याला पोचायचंय. आणि फॉर्मवर भरती-ओहोटीचा रकानाच नाही."

रकानाच नाही म्हटल्यावर काय बोलणार?

मी एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. पाण्यातला प्राणवायू मोजायची बाटली कशी भरायची, ते मुलांच्या किती तुकड्यांना दाखवले त्याचा हिशेब नाही. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये, बूच तिरके सरकवून लावायचे आणि जागच्या जागी दोन रसायने घालायची, मँगेनीज सल्फेट आणि अल्कलीतले आयोडाइड. प्राणवायू असेल तर साका तपकिरी बसतो, नसेल तर पांढराच राहतो. या मुलांनी बादली फेकून पाणी ओढले आणि टपरीवरचा पोऱ्या चहा ओततो तसे वीतभर उंचीवरून बाटलीत ओतले. खळखळ आवाज करत, पाण्यात नसलेला प्राणवायूसुद्धा आत गेला. रसायने कुठे आहेत विचारले, तर ती गाडीत. गाडी जेटीवर. जेटी अर्ध्या तासावर.

मैलापाण्यातले जंतू मोजायची बाटली बर्फात ठेवायची असते. बर्फाची पेटी आणली होती आणि तिच्यात बर्फही होता, खोटे कशाला बोलू? पण बर्फात साहेबांसाठी जेटीवरून घेतलेले दोन सरंगे, म्हणजे पापलेट, होते. जागा उरली नाही म्हणून बाटल्या होडीच्या फळीवर उन्हात. सप्टेंबर २०२३ मध्ये सरंग्याला राज्यमाशाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्याचा मान आधी हे मी समजू शकतो.

आता आपल्या बातमीतल्या 'निकषांत उत्तीर्ण' या शब्दांकडे येतो. निकष कोणते, हे विचारायची तसदी वार्ताहराने घेतली असती तर त्यांना कळले असते की किनाऱ्याच्या पाण्याचे पाच वर्ग आहेत. हा नियम १९९८ पासूनचा आहे, नवीन नाही. आमची खाडी दुसऱ्या वर्गात बसवली आहे, म्हणजे पोहण्याचे आणि मासेमारीचे पाणी. तिथे लिटरमागे ४ मिलिग्रॅम प्राणवायू असला की पुरे. पण ओहोटी लागली की आमच्याकडच्या बायका कोयती आणि टोपली घेऊन खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, कालवे (खडकाला चिकटणारे शिंपले) काढायला जातात, चिखलात मुळे (तेही शिंपलेच) शोधतात. शिंपल्यांची मासेमारी जिथे होते ते पाणी याच नियमाप्रमाणे पहिल्या वर्गात मोडते. तिथे प्राणवायू ५ मिलिग्रॅम लागतो आणि पारा, शिसे, कॅडमियम हेही बघावे लागते. कालव एका जागी चिकटून दिवसभर पाणी गाळत बसते, पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठते. ते खायचे कालव आहे, तर त्याचे पाणी पोहण्याच्या मापाने का मोजायचे? आमच्या शेजारच्या काकू गेली चार वर्षे कालवे शिजवताना रॉकेलसारखा वास येतो म्हणून सांगत आहेत. त्यांच्या नाकालाही रकाना नाही.

शिवाय महिने बघा. आपल्याच बातमीच्या शेवटच्या ओळीत नमुने डिसेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये घेतल्याचे लिहिले आहे. थंडीत समुद्र शांत असतो, होडी मिळते, पोहे मिळतात. पण अरबी समुद्राला धाप लागते ती पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत खोलवरचे गार, प्राणवायू कमी असलेले पाणी वर येऊन किनाऱ्याच्या उथळ भागात सरकते. वरून पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचे झाकण बसते, त्यामुळे हवा खाली पोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपतो, कधी कधी कुजलेल्या अंड्यांच्या वासाचा वायूसुद्धा तयार होतो. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावलाला आहे आणि कांदोळीच्या समोर समुद्रात एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन तिथले शास्त्रज्ञ १९९७ पासून हेच मोजत आले आहेत. किनारी भागातली ही प्राणवायूची टंचाई खतांच्या ओझ्याने वाढत असावी, असे त्यांनी २००० सालीच मांडले होते. म्हणजे ज्या महिन्यांत रोग्याला दम लागतो तेव्हा डॉक्टर फिरकत नाही आणि जानेवारीत येऊन छाती स्वच्छ असल्याचा दाखला देतो. तोही फक्त वरवरच्या पाण्याचा. तळाचे पाणी काढायला वेगळी बाटली लागते, ती मी त्या होडीत पाहिली नाही.

बातमीत मध्येच '९१ टक्के माशांचे साठे सुदृढ' असेही घुसडले आहे. तो आकडा खरा आहे, पण तो केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०२२ च्या पाहणीतला आणि देशभरातल्या १३५ साठ्यांचा, म्हणजे समुद्रातल्या निरनिराळ्या मासळीच्या समूहांचा, आहे (नेमके म्हणायचे तर ९१.१). त्याचा आमच्या जिल्ह्याच्या पाण्याशी संबंध काय? याच संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१९ मध्ये महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी मिळाली होती, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. तो आकडा जागेअभावी राहिला असेल.

आणि सगळ्या ठिकाणांची सरासरी काढून जिल्हा पास करायचा, ही कुठली रीत? आमच्या वेळी मॅट्रिकला गणितात नापास झालेला मुलगा मराठीतल्या सत्तर मार्कांवर पास होत नसे. युरोपात नद्यांसाठी आणि किनाऱ्याच्या पाण्यासाठी २००० साली जो कायदा झाला, त्यात नेमका हाच मॅट्रिकचा नियम आहे. एका निकषात घसरले की एकूण शेराही त्या घसरलेल्या निकषाचाच. त्यांचे समुद्र त्यामुळे स्वच्छ झाले असे नाही. सन २०२० पर्यंत सगळे समुद्र चांगल्या स्थितीत आणायचे त्यांनी ठरवले होते, ते जमले नाही. पण जमले नाही हे त्यांनी लिहिले, हिरवा रंग फासला नाही.

जाता जाता आणखी एक. आपल्या दैनिकात पंचांगाशेजारी भरती-ओहोटीच्या वेळा येत असत. गेल्या दिवाळीपासून त्या बंद झाल्या आणि तिथे राशिभविष्य दुप्पट झाले. आम्हा म्हाताऱ्यांचे अडत नाही, तिथीची पाऊणपट तोंडपाठ आहे. पण चार लोक फोन करून विचारतात, सहलीला आलेली पोरे भरतीच्या वेळी खडपावर चढून बसतात. मी या बाबतीत दोन पोस्टकार्डे पाठवली, उत्तर नाही. माझ्या राशीला काल 'जलप्रवास लाभदायक' होता, एवढे मात्र कळले. त्या वेळा छापत राहिला असता तर आपल्या वार्ताहरानेही कदाचित विचारले असते की नमुना कोणत्या पाण्याचा.

पत्र छापल्यास नाव छापू नये, ही विनंती. त्या दिवशीच्या होडीचे भाडे, अठराशे रुपये, अजून यायचे आहे. 'बिल वर पाठवले आहे' असे चुलतभावाला परवाच पुन्हा सांगितले गेले.

आपला,
खाडीकाठचा एक वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा सहायक), जि. रत्नागिरी