बातमीत न आलेली माणसं

चिकलठाण्यातल्या ज्या स्टार्टअपला मोठी गुंतवणूक मिळाल्याची बातमी आपण छापली, तिथं सुरुवातीच्या काळात मी नोकरीला होतो. वाचून आनंद झाला. संस्थापकांच्या जिद्दीबद्दल लिहिलंय ते खरंच आहे. पगार लांबला तर आधी त्यांचा लांबायचा. पण कंपनीचं सॉफ्टवेअर वापरण्याजोगं केलं वाळूजच्या छोट्या वर्कशॉपमधल्या सुपरवायझरांनी. "साहेब, तेलकट हातानं एवढं बारीक बटण दाबायचं कसं?" असं एकानं विचारलं आणि अख्खी स्क्रीन नव्यानं करावी लागली. (पुण्याच्या सल्लागाराला हे सुचलं नव्हतं!)

मला मिळालेले 'ईसॉप' (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याचा कर्मचाऱ्याला दिलेला पर्याय) नोकरी सोडल्यावर मुदतीत न घेतल्यानं रद्द झाले. त्याची खंत नाही. मात्र इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी मुलांना ईसॉपचा कागद वाचायला शिकवावं. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ईसॉप दिल्यापासून पहिलं किमान १ वर्ष ते शेअर घेण्याचा हक्क येत नाही. शेअर घेताना बाजारमूल्य आणि आपण मोजलेली किंमत यांतला फरक पगाराचं उत्पन्न धरला जातो, शेअर विकले नसले तरी! नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायला किती दिवस मिळतात, हे सही करण्याआधीच विचारावं.

— एक माजी कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर