विषय: ‘बँडसोबत वाजवा’ या तिकिटावर मंचावर बोलावून माईक बंद ठेवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय / महोदया,

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पणजीजवळच्या मैदानात तुमच्या कंपनीने बँडचा जो कार्यक्रम केला, त्याचं ‘बँडसोबत वाजवा’ हे २,००० रुपयांचं तिकीट मी काढलं होतं. साधं तिकीट ८०० रुपयांना होतं. तशी दोन तिकिटं बायको आणि सुनेसाठी घेतली. तिघेही एकाच रांगेत, तसल्याच प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. म्हणजे मी मोजलेले जास्तीचे १,२०० रुपये मंचावर जाऊन बँडबरोबर एक गाणं वाजवण्याचे होते. मी मंचावर गेलो, वाजवलं, टाळ्याही पडल्या. फक्त माझा माईक बंद होता. तक्रार एवढीच आहे, पण तुमच्या ग्राहक सेवेला ती एका ओळीत कळली नाही म्हणून सविस्तर लिहितो.

मी फोंड्याकडचा. हार्डवेअरचं दुकान आहे. कलाकार म्हणवून घेत नाही, पण चवथीच्या आरत्यांना गेली चाळीस वर्षं घुमट वाजवतो. तुमच्या फॉर्मवर वाद्याच्या रकान्यात ‘घुमट’ लिहिलं. पुढे ‘पट्टी’ असा रकाना होता. घुमटाला कसली पट्टी, म्हणून रिकामा सोडला, तर फॉर्म पुढे सरकेना. शेवटी ‘काळी एक’ लिहून मोकळा झालो. दोन दिवसांनी तुमच्याकडून एका मुलीचा फोन आला, “काका, तुमच्या घुमटाला जॅक आहे का?” मी सांगितलं, बाय, ते मातीचं मडकं आहे, त्याला दोन तोंडं आहेत, एकावर कातडं आहे, तार जोडायला जॅक नाही. ती म्हणाली, “ओके, नोट केलं.” काय नोट केलं ते तिलाच ठाऊक. २०१९ साली सरकारने घुमट हे गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पण त्या दिवशी गेटवरच्या सुरक्षारक्षकाने ते हातात घेऊन आत टॉर्च मारला आणि बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून मला बाजूला उभं केलं. हे मी तक्रारीत धरत नाही. तो माणूस निदान आत बघत तरी होता.

जाहिरातीत तुम्ही १९७३ सालचा एक किस्सा दिला होता. द हू या बँडचा ड्रमर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये कार्यक्रमाच्या मध्येच कोसळला आणि प्रेक्षकांतून स्कॉट हॅल्पिन नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा वर येऊन ड्रम्सवर बसला, ही गोष्ट. खाली ठळक अक्षरांत, ‘आता तुमची पाळी!’ किस्सा खरा आहे, माझ्या मुलाने मला दाखवला. पण त्या मुलाने वाजवलं ते लोकांना ऐकू आलं, म्हणून तर आज पन्नास वर्षांनंतरही तो किस्सा सांगितला जातो. त्याचे माईक बंद असते तर तुम्ही जाहिरातीत काय छापलं असतं?

आता त्या रात्रीचं. प्रेक्षकांचा भाग साडेआठला सुरू होईल असं तिकिटावर छापलं आहे. सुरू झाला नऊ चाळीसला. मध्ये प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, मग प्रायोजकांची फिल्म, मग त्याच फिल्मचा आवाज आला नाही म्हणून ती पुन्हा एकदा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि गोव्यात कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकाला ते तोंडपाठ असतात. म्हणजे नऊ माणसांकडून जास्तीचे पैसे घेऊन तुम्ही त्यांच्यासाठी वीस मिनिटं ठेवलीत, तीही सत्कारातून उरली म्हणून. उशिराचा फटका माणसांइतकाच वाद्यालाही बसतो. माझ्या घुमटाला बकऱ्याचं कातडं आहे. (घोरपडीचं नाही, हे तुमच्या स्वयंसेवकाने दोनदा विचारून घेतलं. बरं केलं, विचारलंच पाहिजे.) दुपारी उन्हात ठेवून चांगलं ताणून आणलं होतं. मैदानात नवानंतर दंव पडायला लागलं की कातडं सैल होतं आणि आवाज बसतो. तासभर मी घुमट शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो होतो, तापातल्या पोरासारखं. शेजारच्या बाईंनी खरंच विचारलं, आत मूल आहे का म्हणून.

माझी पाळी नऊ बावन्नला आली. काळ्या टी-शर्टातल्या एका मुलाने माझ्यासमोर स्टँड आणून ठेवला आणि माईक कातड्याच्या बाजूला लावला. मी त्याला म्हटलं, अरे, उजव्या हाताने कातड्यावर थाप पडते ती खरी, पण घुमटाचा घुमारा मागच्या उघड्या तोंडातून निघतो. डावा तळवा तिथे उघड-झाक करतो, सगळी मजा त्या हातात आहे. दुसरा माईक नसेल तर हाच थोडा मागे घे. त्याने मान हलवली आणि माईक होता तिथेच ठेवला. तेव्हा मला वाटलं, पोराला कळलं नाही. आता वाटतं, त्याला सगळं कळलं होतं. बंद माईक पुढे काय नि मागे काय.

पायाशी मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, होता. त्यातून गिटार येत होती, गाणाऱ्याचा आवाज येत होता, माझं काही नाही. ड्रमर माझ्याकडे बघत होता. त्यालाही माझं ऐकू येत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो बिचारा माझ्या हाताकडे बघून ठेका धरत राहिला आणि दोनदा माझ्यासाठी जागा सोडून थांबला. त्या जागेत मी जे वाजवलं ते पुढच्या रांगेपर्यंतही पोचलं नाही. बँडबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मुलं मनापासून वाजवणारी आहेत, हे त्यांच्यापर्यंत पोचवलंत तर बरं.

खाली उतरल्यावर बायको म्हणाली, “हात हालताले, आवाज खंय?” मी तडक आवाज सांभाळणाऱ्या मिक्सरकडे गेलो. तिथला ऑपरेटर प्रामाणिक निघाला. म्हणाला, “काका, टेन्शन घेऊ नका. पब्लिकचे चॅनल आम्ही म्यूटच ठेवतो, तशी ऑर्डर आहे. व्हिडिओत ट्रॅक लावतात.” आणि बोट दाखवलं. बटणांच्या रांगेत एक लाल दिवा लागलेला, वर कागदी पट्टीवर पेनाने लिहिलेलं: ‘पॉट’. तो मीच.

बारा दिवसांनी तुमच्या पानावर व्हिडिओ आला. त्यात मी चार सेकंद आहे. माझे हात घुमटावर पडताहेत आणि आवाज कुठल्याशा ढोलाचा येतोय, तोही वेगळ्या ठेक्यात. आमच्या वाड्यावर घुमट ऐकून मोठी झालेली माणसं आहेत. चौघांनी फोन करून विचारलं, हे काय वाजवत होतास?

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. अनोळखी माणूस वर आला, बेताल वाजवायला लागला, तर हजार माणसांसमोर कार्यक्रम पडतो. पण माणसाला आत घेण्याची रीत असते, आणि गोव्यात ती तुम्हाला कुणीही सांगितली असती. आमच्या आरतीला कुठलाही पाहुणा बसतो. नवखा असला तर त्याच्या हातात आधी कांसाळें, म्हणजे झांज, देतात. ताल चुकला तर शेजारचा त्याच्याकडे बघतो, बस, तेवढं पुरतं. जमलं की मग काठ्यांनी वाजवायचं शामेळ, मग घुमट. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं, पार, म्हणजे गाणाऱ्यांचे गट, बदलत जातात, आणि बदलताना ताल तुटत नाही. जत्रेच्या नाटकात गावचा पोस्टमन राजा होतो, पण तालमी झाल्याशिवाय त्याला कुणी रंगमंचावर सोडत नाही. तुम्हालाही नऊ जणांना पाच वाजता बोलावून प्रत्येकाला दोन मिनिटं साउंड चेक देता आला असता. आम्ही चार वाजल्यापासून मैदानातच होतो, तुमच्या स्टॉलवरचा चहा पीत. किंवा नवाच्या जागी तीन तिकिटं विकायची. किंवा फॉर्मवर सरळ लिहायचं की मंचावर फोटोपुरतं उभं राहता येईल. फोटोचेही पैसे देणारे लोक मिळतात. मी घुमट घेऊन आलो नसतो एवढंच.

आणि माझी निदान पाळी तरी आली. दहाला मुख्य स्विच पडला तेव्हा तिघं मंचाच्या पायरीशी उभी होती. त्यांत काणकोणहून व्हायोलिन घेऊन आलेली एक मुलगी होती, चौदा-पंधराची. तिच्या वडिलांनी तिला खांद्याला धरून परत नेलं. व्हायोलिन पेटीतून बाहेर काढलेलंच होतं, ते तिने तसंच हातात धरून गाडीपर्यंत नेलं. त्या तिघांना तुमच्याकडून त्या वेळी कुणी काही बोललं नाही, मी तिथेच होतो.

ग्राहक सेवेला मी दोन मेल केले. दोन्हींना एकच उत्तर आलं, ‘कार्यक्रम झाल्यानंतर तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.’ मी तिकिटाचे पैसे मागतच नाही. कार्यक्रम मी पाहिला, त्याचे ८०० रुपये तुमचे. वरचे १,२०० परत करा. ज्या तिघांची पाळीच आली नाही त्यांचेही करा, त्यांनी मागितले नसले तरी. व्हिडिओतून माझी चार सेकंदं काढून टाका. कार्यक्रमाचं चित्रीकरण होईल याला माझी संमती होती, माझ्या हाताखाली दुसऱ्याचं वाद्य वाजवायला नव्हती. आणि पुढचा कार्यक्रम मडगावला करणार आहात असं फलकावर पाहिलं. त्यात हेच तिकीट ठेवणार असाल तर चॅनल उघडा राहणार की बंद, हे तिकीट घेण्याआधी दिसेल असं छापा.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, नोंद करीन आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी पडत नाही, आणि दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असतं.

तिकिटाची प्रत, फॉर्मची प्रत, दोन्ही मेल आणि मिक्सरवरच्या ‘पॉट’ लिहिलेल्या पट्टीचा मी मोबाइलवर काढलेला फोटो सोबत जोडला आहे. लाल दिवा त्यात स्पष्ट दिसतो.

आपला,
घुमटवाला तिकीटधारक
फोंडा, गोवा