हरळी काढून केलेले वाफे

टार्निट, मेलबर्न
१८ मे २०२५

ती. बाबा आणि सौ. आईस सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, भाड्याच्या घरात एवढं कशाला राबायचं? तेव्हा आवाज नीट येत नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही राहायला आलो तेव्हा मागच्या अंगणात लॉन नावालाच होतं, गुडघाभर तण माजलं होतं. त्यात सगळ्यात चिवट आपली हरळी! इथे ती लॉनसाठी मुद्दाम लावतात. मेलबर्नच्या पश्चिमेला बेसाल्टचं पठार आहे. त्यामुळे मातीही आपल्या मोहोळच्या रानासारखी काळी, चिकण. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. अशी जमीन डोळ्यांसमोर पडीक राहिलेली मला बघवेना. म्हणून राबले, बाबा.

घरमालकांची लेखी परवानगी घेतली आहे. त्यांनी सांगितलं तर घर सोडताना पुन्हा गवत लावून द्यायचं, अशी अट आहे. म्हणून लाकडी चौकटी केल्या नाहीत, नुसते गादीवाफे घातले.

मार्चमध्ये पाऊस झाला आणि वापसा आल्यावर कुदळ हातात घेतली. भराभर खणलं असतं तर हरळीच्या जमिनीखाली पसरलेल्या काशांचे तुकडे झाले असते आणि तुकड्यातुकड्यातून हरळी फुटली असती. म्हणून ढेकूळ हाताने फोडून, पांढऱ्या टोकदार काशा अख्ख्या ओढून काढल्या. काही हातभर लांब होत्या. मग खोक्यांचे पुठ्ठे चिकटपट्ट्या काढून भिजवले, एकमेकांवर वीतभर चढवून अंथरले आणि वर वीतभर कंपोस्ट घातलं. शेजारची हरळी कुंपणाखालून आत येते, म्हणून कडेने चर काढलाय. तो मात्र सारखा बघावा लागतो.

इथे आता थंडी सुरू होतेय, म्हणजे आपली रब्बीच समजा. लसूण, मेथी आणि कोथिंबीर केली आहे. मेथीची पहिली भाजी झालीसुद्धा. लसूण निघायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडेल.

आई, घेवड्याचं बी पोस्टाने पाठवू नकोस. इथे बियाणं तपासतात आणि नियमात बसलं नाही तर नष्ट करतात. मी इथलंच घेईन.

बाबा, लसणाच्या पातीचे शेंडे पिवळे पडताहेत. या चिकण मातीत पाणी जास्त होतंय का? फोटो दादाच्या फोनवर पाठवलेत, ते पाहून सांगा.

तुमची,
मनू