जेडच्या भेटीचे मोल

महोदय,

राष्ट्रप्रमुखांच्या भेटवस्तूंवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. पण चिनी जेडला, म्हणजे त्या कठीण, मौल्यवान दगडाच्या वस्तूंना, त्यात 'महागडी शोभेची वस्तू' म्हणून एका ओळीत उरकले आहे, ते फार खटकले.

जेडचे 'कोरीवकाम' आपण म्हणतो खरे, पण तिथे छिन्नीचा उपयोग नाही. पश्चिम चीनमधल्या शिनजियांग प्रदेशातील खोतानच्या नद्यांत सापडणारा हा दगड पोलादी हत्याराला दाद देत नाही. आतले तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की तो सहजी फुटतही नाही. म्हणून कारागीर फिरत्या चकतीखाली ओली, कणखर वाळू सोडून तो कणाकणाने झिजवत. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातला, पूर आवरणाऱ्या दंतकथेतल्या यू राजाची कथा कोरलेला, दोन मीटरहून उंच जेडचा डोंगर यांगचौ शहरातल्या कारागिरांनी असाच वर्षानुवर्षे घासून १७८७ मध्ये पुरा केला.

हे कष्ट ठाऊक नसले की भेट वाया जाते. चीनचा सम्राट छियेनलोंगने १७९३ मध्ये ब्रिटिश राजदूत लॉर्ड मॅकार्टनी यांच्याकडे इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जसाठी जेडची 'रुयी' दिली. राजदंडासारखी ही वळणदार वस्तू म्हणजे शांतता आणि भरभराटीची शुभेच्छा. मॅकार्टनींनी रोजनिशीत लिहिले, की चिनी लोक हिला फार मानतात, पण मला तिचे फारसे मोल वाटत नाही. इंग्रजांनी आणलेल्या यंत्रांची आपल्याला गरज नाही, असे सम्राटानेही कळवून टाकले!

आणि हाच सम्राट हिंदुस्थानी कारागिरांवर मात्र बेहद्द खूश होता. शिनजियांग १७५९ मध्ये ताब्यात आल्यावर मुघल घडणीची जेडची भांडी नजराणा म्हणून त्याच्याकडे येऊ लागली. कागदासारख्या पातळ कडा, पानाफुलांची उठावदार नक्षी. त्याने त्यांच्यावर कविता रचल्या, काही भांड्यांवर त्या कोरून घेतल्या आणि आपल्या कारखान्यांत तशी भांडी घडवायला लावली. आज त्यांतली बरीच भांडी तैवानमधल्या तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहेत. आपल्या लेखात याचा उल्लेख हवा होता, असे मला मनापासून वाटते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी जेडच्या वस्तू आहेत. लेखमालेच्या पुढच्या भागात त्यांची छायाचित्रे आणि घडणीची माहिती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे