रॅम स्लॉटमध्ये बसली म्हणजे चालेलच असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. म्हणून जुन्या डेस्कटॉपमध्ये रॅम वाढवायची, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची आणि शाळेत, वाचनालयात किंवा उद्यमनगर-शिरोलीतल्या वर्कशॉपमध्ये तो आणखी काही वर्षे चालवायचा, हा विचार उत्तमच. पण जुनी रॅम घेताना ‘पट्टीची खाच जुळली ना, झालं तर मग’ एवढ्यावर पैसे मोजले जातात, डिस्प्ले काही येत नाही आणि बोल लागतो बिचाऱ्या मदरबोर्डला.

रॅमच्या पट्टीच्या कडेवरची खाच आणि पिना फक्त तिची पिढी सांगतात. जुन्यापासून नव्याकडे पाहू. एसडीरॅमला १६८ पिना आणि दोन खाचा, डीडीआरला १८४ आणि एक खाच, डीडीआर२ व डीडीआर३ दोन्हींना २४० पण खाचेची जागा वेगळी, डीडीआर४ला २८८. खरी गफलत होते ती यापुढे.

इंटेलच्या जी४१ चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपांचे) डीडीआर३ बोर्ड अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहेत. या चिपसेटला २ गिगाबिटपेक्षा मोठी मेमरी चिप ओळखता येत नाही (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). ४ जीबीची पट्टी १६ चिपांची असेल तर प्रत्येक चिप २ गिगाबिटची, म्हणून चालते. तेवढ्याच क्षमतेची, एकाच बाजूला ८ चिपा असलेली नवी पट्टी मात्र चालत नाही, कारण तिची प्रत्येक चिप ४ गिगाबिटची असते. म्हणजे इथे ‘नवी ती चांगली’ हा नियम उलटा पडतो.

१६ चिपा मोजल्या म्हणजे सुटलो, असेही नाही. ‘फक्त एएमडीसाठी’ (म्हणजे इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्या बोर्डांसाठी) म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या पट्टीवरही १६च चिपा असतात. फरक चिपेवरच्या बारीक अक्षरांत सापडतो. सॅमसंगच्या चिपेवर ‘के४बी२जी०८४६’ असे छापलेले असेल, तर २जी म्हणजे २ गिगाबिट आणि पुढचे ०८ म्हणजे चिपेची रुंदी, एका वेळी देता-घेता येणारे बिट, ८. त्या ०८च्या जागी ०४ दिसले की इंटेलच्या साध्या डेस्कटॉप बोर्डासाठी ती पट्टी घेऊ नये; त्या बोर्डांना ४ बिट रुंदीच्या चिपा चालत नाहीत. मोबाइलचा कॅमेरा झूम करून टॉर्च तिरका धरला की अक्षरे वाचता येतात. लेबलवर ‘२आरएक्स८’ असेल तर त्यातला शेवटचा ८ हीच रुंदी. लेबल बदलता येते, म्हणून विश्वास चिपेवरच्या छपाईवर ठेवावा.

सर्व्हरमधून निघालेल्या पट्ट्यांचीही तीच कथा. लेबलवर ‘पीसी३-१०६००’च्या शेवटी यू असेल तर ती साध्या डेस्कटॉपची. ई म्हणजे ईसीसी, मेमरीतली चूक ओळखून सुधारणारी, दर बाजूला ८ऐवजी ९ चिपा. ती बऱ्याच बोर्डांवर चालून जाते. आर म्हणजे रजिस्टर्ड, सिग्नल सांभाळणारी जादा चिप असलेली सर्व्हरची पट्टी: खाच अगदी तीच, स्लॉटमध्ये गपकन बसते, पण साधा बोर्ड तिच्यावर सुरू होत नाही. एफ म्हणजे एफबी-डिम, ही सर्व्हरचीच आणखी एक जात, मधोमध एक मोठी चिप आणि वर पत्रा. तिला डीडीआर२इतक्याच २४० पिना असतात, खाच मात्र वेगळी.

जुन्या पेंटियम ४मध्ये पत्र्याने झाकलेली १८४ पिनांची पट्टी दिसली तर ती डीडीआर नव्हे, रॅमबस नावाची वेगळी जात. ८५० चिपसेटवर ती जोडीनेच लावावी लागते आणि रिकाम्या स्लॉटमध्ये चिप नसलेली कोरी पट्टी लागतेच, कारण सिग्नल एकामागून एक सगळ्या स्लॉटमधून जातो. अशा कोऱ्या पट्ट्या ‘यात काहीच नाही’ म्हणून हमखास भंगारात जातात आणि मग चांगले मशीन बंद पडते.

पट्टी काढण्यापूर्वी प्लगच काढावा. नुसते शटडाउन पुरत नाही. प्लग असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू असतो आणि त्यात अर्धवट बसलेली पट्टी जळू शकते. प्लग काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, मग दोन्ही क्लिपा उघडाव्यात. पिनांवर मळ असेल तर मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवावा आणि त्याचा चुरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा.

मशीन सुरू झाल्यावर विंडोजमध्ये सीपीयू-झेड या प्रोग्रॅमचा एसपीडी (पट्टीने स्वतःची दिलेली माहिती) हा भाग पाहावा, लिनक्सवर डीएमआयडीकोड ही कमांड चालवावी. त्यानंतर मेमरी तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ प्रोग्रॅमची निदान एक पूर्ण फेरी. एक जरी एरर आला तरी पट्टी परत करावी.

परत करायची तर बिल हवे. शहरातल्या विक्रेत्यांना विनंती, की बिलावर नुसते ‘४ जीबी रॅम’ न लिहिता पिढी, चिपांची संख्या, त्यांची रुंदी आणि यू, ई की आर एवढे लिहावे. शाळांनीही देणगीत आलेल्या संगणकांची नोंद करताना हाच तपशील रजिस्टरमध्ये उतरवावा.

आपला,
एक संगणक दुरुस्ती कारागीर,
शाहूपुरी, कोल्हापूर