लकव्याच्या रुग्णाला साडेचार तासांत उपचार मिळावा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

गडचिरोलीच्या ग्रामीण भागात दर सात मृत्यूंपैकी एक मृत्यू लकव्याने होतो, असे ‘सर्च’ संस्थेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्यातील बहुतेक माणसे घरीच दगावली होती.

बहुसंख्य रुग्णांत लकव्याचे कारण मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी असते. रक्त थांबले की त्या वाहिनीवर अवलंबून असलेल्या पेशी मिनिटाला लाखोंच्या संख्येने मरू लागतात. मात्र भोवतालचा भाग शेजारच्या वाहिन्यांतून येणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर काही तास तग धरून असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत दिले, तर हा भाग वाचू शकतो. पण मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तर तेच इंजेक्शन जिवावर बेतते, आणि हा फरक सिटी स्कॅनशिवाय कळत नाही.

आमच्या गावात रोवणीच्या दिवसांत एका बाईंच्या हातातले पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, बांधीतच (शेतातच) गळून पडले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले. घरच्यांनी तेल चोळले, आणि मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. घरच्यांना मी दोष देणार नाही, कारण ही लक्षणे दिसताच क्षणाचाही उशीर करू नये, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे २०० किलोमीटर आहे; तिथल्या माणसाला हे माहीत असूनही साडेचार तास पुरतील का?

म्हणून विनंती अशी की, दुर्गम तालुक्यांच्या उपजिल्हा रुग्णालयांत चोवीस तास सिटी स्कॅन आणि हे इंजेक्शन उपलब्ध असावे, आणि नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञाने व्हिडिओवर स्कॅन पाहून तिथल्या डॉक्टरांना सल्ला द्यावा. १०८ च्या रुग्णवाहिकेने लकव्याचा रुग्ण जवळच्या नव्हे, तर सिटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्यावा, असा लेखी आदेश निघावा. यंत्र येण्याची वाट न पाहता हे उद्याही करता येईल. त्यासोबत उपकेंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या अखंड मिळाव्यात, कारण वाढलेला रक्तदाब हे लकव्याचे सर्वांत मोठे कारण आहे, आणि खर्ऱ्यातला तंबाखू त्यात भर घालतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने ग्रस्त मुलांनाही लकव्याचा धोका असतो. त्यांची मेंदूच्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी दरवर्षी व्हावी.

या आदेशाची प्रत आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर लागावी, ही अपेक्षा.

आपला नम्र,
गडचिरोली जिल्ह्यातील एक शिक्षक