आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: माझ्या मिस्टरांना हिपॅटायटिस बी ची लस घ्यायला कोणीच का सांगितलं नाही?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

मी कळव्याला राहते. माझे मिस्टर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. 39 दिवसांपूर्वी मोफत डायलिसिसच्या सरकारी योजनेच्या टोल-फ्री नंबरवरच्या बाईंनी शब्द दिला होता, "ताई, आठ दिवसांत जवळचं सेंटर देतो." त्यानंतर मी अकरा वेळा फोन केला. दर वेळी नवा आवाज आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी.

जवळच्या सेंटरने आम्हाला बंद केलं, कारण यांचा हिपॅटायटिस बी चा, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या लिव्हरच्या आजाराचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. टेक्निशियन मुलाने तो कागद दोन बोटांच्या टोकांत धरला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला आता वेगळं मशीन लागेल, आमच्याकडे नाही." वेगळं मशीन लागतं हे मला मान्य आहे, इतर पेशंटच्या भल्यासाठीच तो नियम आहे. पण सुरुवातीला हाच रिपोर्ट निगेटिव्ह होता! अडीचशेच्या वर डायलिसिस झाल्यावर तो फिरला. लागण कुठे झाली याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून मी कोणाचं नाव घेत नाही. पण हा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो, हे आता मला पाठ झालंय.

आणि साहेब, याला लस आहे. आपल्या पुण्यात बनते. डायलिसिसच्या पेशंटला ती दुप्पट मात्रेत देतात, पहिला डोस, मग एक महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. नंतर रक्त तपासून अँटीबॉडी 10 च्या वर आहेत का ते बघायचं, कमी असतील तर पुन्हा द्यायची. किडनी पूर्ण बंद पडायच्या आधी दिली तर जास्त चांगली लागू पडते. यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडली ते सांगणारा रक्तातला आकडा, दोन वर्षं हळूहळू चढत होतं. तेव्हापासूनच्या सगळ्या फायली माझ्या पिशवीत आहेत. एकाही कागदावर "हिपॅटायटिस बी ची लस" हे शब्द नाहीत. पाणी किती प्यायचं, केळं खायचं की नाही, सगळं सांगितलं. हे एक वाक्य कोणी बोललं नाही.

माझ्या नातीला जन्मल्यावर 24 तासांच्या आत हीच लस मिळाली, इथेच, फुकट. देशभरातल्या बाळांना ती 2011-12 पासून मिळते. त्याआधी जन्मलेल्यांचं काय? देशात तीन कोटींच्या आसपास लोकांना हा आजार आहे. मोठ्या माणसाला लस लागते, हे तुमच्या खात्याच्या डोक्यातच नाही. डायलिसिस मोफत केलंत, त्याबद्दल हात जोडते. पण ज्या खुर्चीवर माणसाचं रक्त नळीतून बाहेर काढून परत आत सोडतात, तिथे बसवण्याआधी ही लस टोचायची सक्ती का नाही? चारही डोसचा खर्च आमच्या महिन्याच्या रिक्षाभाड्याहून कमी झाला असता.

आता आम्ही पनवेलला जातो. पहाटे चारला उठायचं, रिक्षाने ठाणे स्टेशन, नऊ-दहा नंबरवरून लोकल. येताना यांचे पाय लटपटतात, फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून नस जोडलेल्या, हाताला धक्का लागू नये म्हणून मी गर्दीत आडवी उभी राहते. यांनी ठाणे-बेलापूर रोडच्या कंपनीत 31 वर्षं फिटरचं काम केलं, कधी कोणापुढे हात पसरला नाही. परवा घरात सुनेने यांचं ताट-पेला वेगळा ठेवला. हा आजार ताटातून पसरत नाही, मी तिला समजावलं. तिलाही कोणी सांगितलं नव्हतं, तिला काय बोलू? तिला आणि मुलाला लस घ्यायला पाठवलंय. मी स्वतः पहिला डोस घेतला. ही माहिती मला शेजारच्या इमारतीतल्या एका नर्सताईने दिली. ते काम तुमचं होतं.

उद्घाटनाला फीत कापायला मुंबईहून माणसं येतात, बॅनरवर पन्नास चेहरे असतात. पेशंटच्या केसपेपरवर लसीचा एक रकाना छापायला इतकी वर्षं लागतात? इथे जो आजारी पडतो, त्यानेच डॉक्टर, वकील आणि कारकून व्हायचं. मी बारावी शिकलेली बाई आहे, मला हे सगळं का शिकावं लागलं?

प्रत्येक डायलिसिस सेंटरवर ही लस योजनेतूनच द्या, पहिल्या दिवशी नोंद करा. ठाणे जिल्ह्यात पॉझिटिव्ह पेशंटसाठी किती मशीन आहेत, त्याचा आकडा जाहीर करा. आणि आम्हाला कळव्याच्या जवळ जागा द्या.

उद्या गुरुवार, आमची पाळी आहे. चारचा गजर लावलाय.

आपली,
डायलिसिसच्या एका पेशंटची बायको, कळवा